गडग्यावरची निवळी

शाळेची आणि स्वप्नाच्या घराची हद्द म्हणजे कमरेएवढा जांभ्या दगडांचा गडगा. पलीकडे पोरांचा कलकलाट, अलीकडे बी.एस्सी. झालेली स्वप्ना, कडेवर वर्षाची आरोही. मुख्याध्यापिका आम्रपालीबाईंनी तिला शनिवारी वर्गात येऊन रसायनांच्या गमती दाखवायला बोलावलं होतं. मुलं रमली, तर मानधनावरच्या रिकाम्या जागेसाठी तिचं नाव शाळा समितीपुढे ठेवणार होत्या.

नवऱ्याने, निलेशने, मुंबईहून फोनवर नेहमीचंच सांगितलं, आईला विचार. आई म्हणजे येसूबाई विड्याचं पान जुळवत म्हणाल्या, घर टाकून सून कशाला जायला हवी, पोर कोण बघणार. स्वप्नाने पिच्छा सोडला नाही, तेव्हा त्यांनीच तोडगा काढला.

"इथनंच दाखव गो. गडगा काय तुझा हात धरतो?"

मग शनिवारी गडगाच टेबल झाला. कोकमाच्या आगळाच्या लाल पाण्यात तिने खायचा सोडा टाकला; ते फसफसून काळपट हिरवं झालं नि पोरं हरखली. नंतर आदल्या संध्याकाळी चुना पाण्यात कालवून निवळत ठेवलेली बरणी तिने आणली. वरची नितळ निवळी पेल्यात ओतली, पपईच्या पानाचा पोकळ देठ सगळ्यात पुढे उभ्या राहीच्या हातात दिला. फुंकायचं, ओढायचं नाही. तुमचा श्वास दुधासारखा पांढरा दिसेल, असं तिने तोऱ्यात सांगून टाकलं होतं.

राहीने गाल फुगवून फुंकलं. पाणी बुडबुडलं, पण होतं तस्संच राहिलं.

"हिच्यात श्वासच नाय," मागून कुणीतरी म्हणालं, आणि हशा पिकला. बाईंनी घड्याळ पाहिलं.

स्वप्नाने बरणी उचलली. तळाचा पांढरा थर गायब, काच लख्ख. पडवीत येसूबाईंचं पान चघळणं थांबलं.

"तळाला गाळ होता गो. चार माणसं बघणार म्हणून घासली, विहिरीचं पाणी भरून ठेवलं."

म्हातारीच्या मनात वाईट काही नव्हतं, तेच तर जड जात होतं. येसूबाई स्वतः उठल्या, पानाच्या चंचीतली चुन्याची डबी आणून चुना कालवला. तो निवळेपर्यंत बाईंनी पाढे म्हणवून घेतले. मग येसूबाईंनी पदराची चौपदरी घडी करून पाणी गाळून दिलं. राहीने फुंकलं. पेल्यात हळूहळू दूध उतरलं, आणि सगळ्यांच्या आधी येसूबाईच हसल्या.

घंटा झाली. "सोमवारी समितीपुढे नाव ठेवते. वर्गात याल ना, स्वप्नाताई?" बाईंनी विचारलं.

स्वप्नाने सासूकडे पाहिलं.

"इथनं दिसतंय की पोरांना सगळं," येसूबाई मायेनेच म्हणाल्या. "चुना मी देईन रोज."

गडग्यावरून शिकवणं समितीला कसं सांगू, जागेसाठी दुसरं कुणी बघावं लागेल, असं हळूच म्हणून बाई पोरांना घेऊन आत गेल्या.

पेला गडग्यावरच राहिला. एक गंमत दाखवायची राहून गेली होती: फुंकत राहिलं तर तेच पांढरं पाणी पुन्हा नितळ होतं. वेळ लागतो, एवढंच. आतून येसूबाईंनी भाताकडे बघायला हाक मारली. आरोही देठाशी झोंबू लागली. स्वप्नाने तो आपल्या ओठांत धरला आणि दम लागेपर्यंत फुंकत राहिली. पाणी अजून पांढरंच होतं. तिने पुन्हा श्वास घेतला.