जुळाऱ्याचं अर्धं जहाज

कप्तानाचं पत्र आलं तेव्हा जुळारी जहाजाच्या पिछाडीला खिडक्या बसवत होता. त्यानं पत्र वाचलं, घडी करून चष्म्याच्या घरात ठेवलं आणि मनाशी म्हणाला, उद्या उत्तर लिहू. तो उद्या काही उजाडला नाही. उन्हाळा सरला, बाल्कनीत स्वेटर वाळायला लागले. चष्म्याच्या घरात पत्र राहायला आल्यामुळे चष्मा बेघर झाला, त्याच्या काचेला चरा गेला, तरी उत्तर गेलं नाही.

पत्र एवढंसंच होतं. ‘जुळाऱ्या, माझं नाळेकडचं, पुढचं अर्धं झालं. जोडाचा फोटो सोबत आहे. डोळ्यांचा डॉक्टर आता माझ्याशी फार गोड बोलतो, म्हणजे काही खरं नाही. दिव्याभोवती खळं दिसतं आणि माणसाचं तोंड मधोमध पुसल्यासारखं. तेव्हा तुझी पिछाडी घेऊन लवकर ये. एकदा सबंध जहाज बघायचंय. मग व्हायचं ते होऊ दे.’

कप्तान हा काही खराखुरा कप्तान नव्हे. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नळांचे नकाशे काढण्यात त्याचा जन्म गेला. एकदा हौसेनं होडीत बसला, तर ती धक्क्यावरून सुटायच्या आधीच त्याला ओकारी आली. तेव्हापासून कचेरीतल्या टवाळांनी त्याला कप्तान केलं आणि त्यानंही ती पदवी आनंदानं मिरवली. जुळारी मात्र खरोखरीचा जुळारी. छापखान्यात शिशाचे खिळे जुळवून जुळवून त्याची बोटं काळी झाली आणि नजर उलटी. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं, ते कागदावर सुलटं उमटतं. त्यामुळे उलटं वाचण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. सुलटं बोलायची वेळ आली की मात्र त्याची जीभ टाळूला चिकटायची.

दोघांची गाठ पडली ती वाचनालयात. जुन्या जहाजांच्या चित्रांचं एक जाडजूड पुस्तक होतं. ते एकाला हवं होतं आणि दुसऱ्याच्या मांडीवर होतं. बोलणं कप्तानानंच काढलं. त्याच्या मुलीच्या लहानपणीच्या प्लास्टिकच्या ठोकळ्यांचा खोका माळ्यावर पडला होता. त्यातून त्यांनी आधी एक धक्का बांधला, मग धक्क्यावर पिंपं, दोरखंडांची भेंडोळी, तराजू घेऊन बसलेली मासळीवाली. ती मासळीवाली पाहून जुळाऱ्याची बायको म्हणाली होती, “तराजू रिकामाच दिसतोय. मालकिणीचा नवराही घरी ठोकळे खेळत बसत असणार.”

मग कप्तानाची बायको गेली आणि तो दूर मुलीकडे राहायला गेला. जाताना म्हणाला, “आता मोठं काम काढू. तीन डोलकाठ्यांचं लढाऊ जहाज. सबंध ठेवायला ना तुझ्या घरात जागा ना माझ्या मुलीच्या. अर्धं तू बांध, अर्धं मी.” दोघांनी जुन्या बाजारातून तपकिरी ठोकळे जमवले, किलोवारी आणले, धुतले, वाटून घेतले. नाळेकडचा भाग कप्तानाकडे गेला, पिछाडी जुळाऱ्याकडे आली. जेवायच्या टेबलावर पिछाडी उभी राहिली आणि नवराबायको ताटं मांडीवर घेऊन जेवायला लागली.

दोन अर्धी एकमेकांत अडकायची तर जोड पक्का हवा. कप्तानानं पिछाडीच्या जोडाचा नकाशा काढून पोस्टानं पाठवला. एका अंगाला लांब जिभा बाहेर आलेल्या, दुसऱ्या अंगाला तेवढ्याच खोल खाचा. त्याच्या स्वतःच्या अर्ध्याला याच्या नेमकं उलट. खाली सुबक अक्षरात लिहिलं होतं, ‘तुझ्या बाजूनं.’

कप्तानाला म्हणायचं होतं, ही तुझीच बाजू काढून दिली आहे, जशीच्या तशी बांध. जुळाऱ्यानं वाचलं ते असं, की हे तुझ्या बाजूनं फिरवून घे. दुसऱ्या कुणी निदान विचारलं असतं. पण कागदावर जे दिसतं ते हातानं उलटं रचायचं, हे जुळाऱ्याच्या हाडीमाशी खिळलेलं. त्यात विचारायचं काय, असंच त्याला वाटलं. त्यानं डावं उजवीकडे नेलं, उजवं डावीकडे, आणि मन लावून पिछाडी बांधत राहिला.

पत्रासोबतचा फोटो त्यानं पिछाडीशेजारी ठेवला तेव्हा आधी काही कळलं नाही. मग त्यानं दोन्ही हात समोर धरून बोटांत बोटं अडकवून पाहिली, तेव्हा उलगडलं. कप्तानाच्या जिभांसमोर याच्या जिभा येत होत्या, खाचांसमोर खाचा. दोन अर्धी समोरासमोर आणली तर एकमेकांना वेडावून दाखवतील, जुळणार नाहीत.

“मग काढा आणि पुन्हा बांधा,” बायको म्हणाली. “तुम्हाला तरी दुसरं काय काम आहे?”

तो काढायला बसला. ठोकळे सुटे करायची पट्टी लावून त्यानं जिभेच्या मुळाचा पहिला ठोकळा उचलला तशी कटकन आवाज आला आणि ठोकळ्याचे दोन तुकडे झाले. दुसऱ्याचंही तेच. त्या जुन्या तपकिरी रंगातच काहीतरी खोट होती. वर्षं गेली की ठोकळे बिस्किटासारखे होतात. एकदा बसले की बसतात, पण काढायला गेलं की फुटतात. आणि जिभा तर थेट आतल्या कण्यापर्यंत गेलेल्या. त्या काढायच्या म्हणजे अर्धी पिछाडी फोडायची. त्यानं पट्टी खाली ठेवली. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

खेळण्यांच्या दुकानाच्या दारापर्यंत तो चार वेळा जाऊन परत आला. पाचव्यांदा मागून कुणीतरी ढकलल्यामुळे आत गेला.

“या आजोबा. नातू केवढा आहे?” दुकानदारानं विचारलं.

“नातू नाही.”

“मग नात?”

“जहाज आहे,” जुळारी पुटपुटला आणि खिशातून फुटका ठोकळा काढून काउंटरवर ठेवला.

दुकानदारानं तो बोटांत फिरवला. “हा रंग केव्हाच बंद झाला हो. आता तपकिरी म्हणून हा येतो.” त्यानं नवा ठोकळा शेजारी ठेवला. चॉकलेटसारखा चकचकीत, लालसर. मजकुरात एकच अक्षर भलत्या वळणाचं घुसलं की ओळभर तेच दिसतं, तसं झालं. “हवे तर पिवळे न्या. पिवळे कुणी विचारत नाही, ढीग पडलाय.”

जुळारी हात हलवत घरी आला.

तोडगा काढला तो बायकोनं, आणि तोही शिलाई मशिनवरून मान वर न करता. “कापड अपुरं पडलं तर आम्ही काय करतो? मध्ये पट्टी घालतो. तुमच्या दोन अर्ध्यांच्या मध्ये एक पट्टी बांधा. तिला दोन्हीकडून हव्या तशा खाचा ठेवा, हव्या तशा जिभा काढा.”

जुळारी चकित होऊन तिच्याकडे बघत राहिला. बरोबर होतं. अगदी बरोबर होतं. मग त्याचं तोंड पुन्हा उतरलं.

“रंग जुळणार नाही.”

“नाही जुळणार.”

“जहाज लांब होईल. पुस्तकातल्या जहाजाला मध्ये अशी पट्टी नाही.”

“पुस्तकातल्या जहाजात तुम्ही तरी कुठे आहात?” ती म्हणाली आणि मशीन घरघरायला लागलं.

त्याच्यानं ते करवेना. कप्तान ते जहाज एकदाच बघणार होता. त्याच्या जाणाऱ्या नजरेत शेवटी काय उरायचं, तर मधोमध लाल-चॉकलेटी ठिगळ? चित्रात तोफांच्या झरोक्यांमधलं अंतर चुकलं तर हा माणूस पुस्तक बंद करून ठेवायचा. म्हणून जुळारी जुना रंग शोधत राहिला. जुन्या बाजारात, ओळखीच्यांच्या माळ्यांवर, शाळेतून बाहेर पडणाऱ्या भंगारात. मिळाले तर नुसते निळे, हिरवे. आणि रंग मिळाल्याशिवाय काय लिहायचं, म्हणून उत्तर राहिलं. रोज सकाळी तो कागद पुढ्यात घ्यायचा, ‘प्रिय कप्तान’ असं लिहायचा आणि मायना बरोबर जमला नाही म्हणून खोडायचा.

एका दुपारी फोन वाजला. फोन बायकोनं घेतला, दोन शब्द बोलली आणि न विचारता त्याच्या कानाला लावला.

“काका, मी बोलतेय.” कप्तानाची मुलगी होती. “बाबा विचारतायत, पत्र पोचलं का?”

“पोचलं.”

“कधीचं पोचलं असेल. नाही, मी रागावून नाही म्हणत हं.”

मागून कप्तानाचा आवाज आला, नेहमीसारखाच खणखणीत. “विचार त्याला, जहाज बुडालं की काय!”

“ऐकलंत ना?” ती हसली.

जुळाऱ्याला हसू आलं आणि त्याबरोबर धीरही. “कसा आहे तो? डोळे?”

ती आवाज खाली आणून म्हणाली, “काका, आता दिसत नाही. उजेड आहे की अंधार, एवढंच कळतं. थंडी सुरू झाली तसं उरलंसुरलंही गेलं. तुम्हाला कळवायचं राहूनच गेलं. दिवसभर त्या अर्ध्या जहाजावर हात फिरवत बसतात. एक एक झरोका बोटांनी मोजतात. परवा म्हणाले, जुळाऱ्याला सांग, आता घाई नाही.” मग मोठ्यानं, “देऊ का त्यांना फोन? इथंच समोर बसलेत.”

“नको, नको. मी... मी लिहितो.”

“बरं,” ती म्हणाली. तिला ते बरं वाटलं नाही, हे त्या एका शब्दातच कळलं.

त्यानं फोन ठेवला. बायको कात्री हातात घेऊन तशीच उभी होती. तिनं ऐकलं होतं सगळं.

“म्हणजे आता,” ती म्हणाली, “पिवळी पट्टीसुद्धा...”

वाक्य अर्ध्यावर टाकून तिनं ओठ आवळले. कात्री खाली ठेवली. मग कधी नव्हे ते टेबलाशी येऊन त्या पिछाडीच्या खिडक्यांवरची धूळ पदरानं पुसायला लागली.

जुळारी खुर्चीत बसून राहिला. तिनं जे तोंडातच ठेवलं ते त्याच्याही मनात आलं होतं, फोन ठेवायच्या आधीच आलं होतं. आता रंग जुळायची गरज नाही. आता सगळं सोपं झालं. जो रंग शोधण्यात त्यानं कप्तानाचे शेवटचे दिसते दिवस घालवले, त्या रंगाचा कुणाला उपयोग उरला नव्हता. एखाद्यानं दिव्यासाठी तेल आणायला जावं आणि परत येईपर्यंत लोक झोपून जावेत, तसं. आणि तरी पट्टी लपवताही येणार नव्हती. बोटांनी झरोके मोजणारा माणूस मध्येच चार बोटं कोरी भिंत लागली की विचारणारच, हे काय रे?

त्यानं कागद घेतला. या खेपेला मायना खोडला नाही. पत्र मुलगी वाचून दाखवणार, तेव्हा डोळ्यांबद्दल लिहायचं की नाही, यावर तो बराच वेळ पेन चावत राहिला. शेवटी लिहिलं.

‘प्रिय कप्तान, जहाज बुडालं नाही, पण जुळतही नाही. ‘तुझ्या बाजूनं’ असं तू लिहिलंस आणि मी ते फिरवून बांधलं. तुझ्या जिभांसमोर माझ्या जिभा आल्या आहेत. तपकिरी ठोकळे काढताना फुटतात, म्हणून मोडून बांधता येत नाही. मध्ये पट्टी घालावी लागेल. ती पिवळी असेल, कारण जुना रंग बंद झाला आणि दुकानात पिवळ्यांचाच ढीग आहे. जहाज चार बोटं लांब होईल आणि त्या जागी झरोका नसेल. तुला हे पसंत पडणार नाही, हे मला माहीत आहे. तुला दिसत होतं तोवर मला यायचं होतं. मी रंग शोधत बसलो. काय करू ते मला सुचत नाही. तू सांग. पट्टी नको म्हणालास तर पिछाडी नुसतीच घेऊन येतो, तिच्यावरून हात फिरव. ये म्हणालास तर येतो.’

वाचून पाहिल्यावर त्याला ते पत्र अतिशय वाईट वाटलं. ‘पसंत पडणार नाही’ असं लिहायला नको होतं, ‘हात फिरव’ तर मुळीच नको होतं. दुसरा कागद घ्यायला त्यानं हात पुढे केला.

“अहो, पुरे,” बायको म्हणाली. “तुमचा छापखाना बंद होऊन किती वर्षं झाली. घाला पाकिटात.”

ती स्वतः त्याच्याबरोबर खालपर्यंत आली नाही. गुडघे दुखतात म्हणाली. तो एकटाच कोपऱ्यावरच्या पेटीपाशी गेला. पाकीट फटीत सरकवलं, पण सोडलं नाही. परत ओढून घेता येईल इतपत ते अजून बोटांत होतं. कप्तान ऐकेल तेव्हा मुलीचा आवाज कुठे अडखळेल, तो काय म्हणेल, काही म्हणेल की नाही, यातलं काहीच त्याला ठरवता येत नव्हतं.

“आजोबा, टाकताय ना?” मागे उभ्या असलेल्या बाईनं विचारलं. तिच्या हातात दोन पिशव्या होत्या आणि दातांत एक पाकीट.

“टाकतोय, टाकतोय,” तो म्हणाला, आणि बोटं सोडली.