कबरीच्या फरशीला भोक

“भोक फरशीला पाडायचंय की काँक्रीटला?” न्याबोकेनं विचारलं. किसुमूच्या बसस्टँडमागे तिचं हार्डवेअरचं दुकान आहे आणि तिची जीभ तिच्या मालाहून धारदार आहे.

“वर फरशी, खाली सिमेंट.”

“बाथरूम का?”

“कबर.”

ती गप्प झाली नाही, हे बरं केलं. जो तो माझ्यासमोर तोंड पाडून उभा राहतो, त्याचा मला वीट आला होता. तिनं होल सॉच्या, म्हणजे ड्रिलला लावायच्या गोल करवतींच्या, दोन पेट्या पुढ्यात टाकल्या.

“ही स्वस्तातली. पत्र्याला ठीक, फरशीवर दात पडतील म्हातारीसारखे. ही घ्या, दादा. दातांना कार्बाइड आहे. पण फरशी कापेपर्यंत ड्रिल मशीनचं ठोकायचं बटण बंद ठेवा. नाहीतर फरशी तडकेल आणि शिव्या मला घालाल.”

“मला एकच भोक पाडायचंय. एकच सुटी करवत नाही मिळत?”

“नवरी एकच असते, म्हणून वऱ्हाड यायचं राहतं का?”

एरवी मी हसलो असतो. आत काहीच हललं नाही. पेटी उचलली आणि गावाकडची गाडी धरली.

खरं तर ते भोक आधीच ठेवायला हवं होतं. ओग्वेनो, माझा धाकटा भाऊ, मासे धरायला सरोवरात गेला. होडी सापडली, तो नाही. प्रेत मिळालं नाही तर आमच्यात त्याच्या जागी यागोच्या झाडाचं लांबोडकं फळ पुरतात. त्याच्या शर्टात गुंडाळून, शवपेटीत ठेवून, माणसाच्या मानानं पुरलं. गवंडी क्रॉससाठी भोक ठेवत होता, तर आईनं त्याचा हात धरला.

“फळाला कशाला क्रॉस? पोरगं परत आलं आणि स्वतःच्याच नावाचा क्रॉस बघितला तर काय म्हणेल?”

गवंडी बापडा घाबरला आणि सलग फरशी बसवून मोकळा झाला.

तेव्हापासून आई रोज त्याच्यासाठी उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, आणि मासळी यांचं ताट वाढून ठेवते. तो जेवल्याशिवाय स्वतः खात नाही, चहावर जगते. नुसती हाडं उरलीत. क्रॉस उभा राहिला की तो गेल्याचं मानेल, असं काका म्हणतात. नाही मानलं तर तीही जाईल, असं मला वाटतं. वाटतं म्हणजे नुसता विचार येतो. वाटणं कधीच बंद झालंय.

घरातून वायर ओढली. आई मागोमाग आली. आता ही माझ्या हातातलं मशीन हिसकावून घेणार, अशी माझी खात्री होती. पण ती कबरीच्या कडेला बसली आणि बघत राहिली. कापताना पाणी लागतं, म्हणून मी पाण्याचा एक मग भरून ठेवला होता. तो तिनं उचलला.

करवतीचे दात आधी घसरले, मग बसले. ती थोडं थोडं पाणी घालत होती. फरशीची चकती न तडकता सुटली. खाली सिमेंट लागलं, तसं मी ठोकायचं बटण चालू केलं. अख्खी कबर थरथरली.

“थांब!” तिनं माझं मनगट धरलं.

संपलं सगळं, मी मनात म्हटलं.

“हळू रे,” ती म्हणाली. “त्याच्या डोक्याकडची बाजू आहे ती.”

मी मशीन खाली ठेवलं. मग भावासाठी मी पहिल्यांदा रडलो, लहान पोरासारखा हंबरडा फोडून, आणि आई माझ्या पाठीवर हात फिरवत स्वतःही रडत राहिली.