चिंचेचे कान

"कलियुगात देवाला कान फुटलेत," हरिओम महाराजांनी जाहीर केलं. कान फुटले होते लिंबागणेशजवळच्या वस्तीवरल्या म्हाताऱ्या चिंचेला, आणि त्यांतला एक आदल्याच दिवशी शेळीने खाल्ला होता.

उरलेल्या कानांपुढे पार नेकनूरपर्यंतची माणसं रांगेत. कानात गाऱ्हाणं सांगायचं. झाड घुमलं की देवाने ऐकलं. वारा पडलेला असला, तर देव विचार करतोय, असं महाराज सांगत.

शहादेव गुरुजींनी इथल्याच शाळेत विज्ञान शिकवलं होतं. रांगेत आपलेच विद्यार्थी बघून त्यांना राग आला नाही, झोप आली. ते घराकडे वळलेही होते. पण महाराजांनी करवत मागवली.

चिंचेचे दोन बुंधे वर एका आडव्या फांदीने जोडले गेले होते. "देवाचे हात बांधलेत," महाराज म्हणाले. "मोकळे करा. मग दोन्ही हातांनी देईल."

परमेश्वर नावाचा गडी करवत घेऊन पुढे आला. झाडाखाली अंगणवाडी होती आणि अंगणवाडीत गुरुजींची नात, धनश्री.

गुरुजी रांगेत घुसले.

"कावून मधी शिरता, गुरुजी?" भिवराबाई म्हणाली. "आमी सकाळधरनं उभ्या हाव."

गुरुजींनी हातातली छत्री बुंध्याच्या ढोलीत खुपसली. मुठीपर्यंत गेली, आणि ओल्या भुशाने माखून बाहेर आली. "हे कान म्हणजे बुरशी. ती आतलं लाकूड खाते. पोकळीत वारा शिरला की घुमतं, रिकाम्या रांजणात घुमतं तसं."

"आन् हात?" परमेश्वरने विचारलं.

"दोन फांद्या घासून घासून साल गेली, एकजीव झाल्या. त्या टेक्यावरच झाड उभं हाय. कापलास की बुंधे उलणार, अन् एक पोरांवर."

"श्रद्धेला विज्ञानाची..." महाराजांनी सुरुवात केली.

"बरं, कापू," गुरुजी म्हणाले. "पोरं घरी पाठवतो. महाराजांनी मात्र आसन इथंच मांडावं."

महाराजांनी वर पाहिलं. त्यांना एकाएकी सिरसाळ्याचा एक भक्त आठवला, लई आजारी. दक्षिणेची पेटी त्यांच्याआधी जीपमध्ये बसली.

परमेश्वरने करवत खाली ठेवली.

"अंगणवाडी आजच हलवा," गुरुजी म्हणाले. "वरचा भार हलका करायला जाणता माणूस आणा, टेक्याला हात लावू नका. आणि कुणी नवल दाखवलं, की हात जोडण्याआधी विचारा, हे कशानं होतं? एवढंच मागणं हाय."

सगळ्यांनी माना डोलावल्या. गुरुजींना जरा बरं वाटलं.

भिवराबाई जवळ सरकली. "पटलं, गुरुजी. झाडाला ऐकू येत न्हाई. पण एवढी उभी राहिलेच हाय, तर तुमच्याच कानात सांगू का? माझ्या नातीच्या सोयरिकीचं हाय."