मुकी पेटी

आंझोर पत्र्याच्या चुली करायचा. डोंगरातल्या लाशदेरी गावात आणि वरच्या वस्त्यांत ज्या घरात माणसं हिवाळा काढत, त्या घरात बहुधा त्याच्याच हातची चूल असे. चूल नुसती तापून भागत नाही. तिने हवा नीट ओढायला हवी, धूर बाहेर जायला हवा, ऊब आत राहायला हवी. आंझोरला हवेची वाट कळायची. म्हणूनच शरद सरता सरता त्याचा मेव्हणा गोचा घोंगडीत काहीतरी गुंडाळून, कोकरू काखेत धरावं तसं धरून, त्याच्या कामाच्या खोलीत शिरला.

"दार लावा, दाजी."

"का? कोंडून मारणार आहेस?"

गोचाने घोंगडी सोडली. आत लोखंडी ठोकळा होता, दोन्ही तोंडांना पंखे बसवलेला. त्याने वायर जोडली आणि असा कर्कश आवाज सुटला की अंगणातलं कुत्रं शेपूट घालून पळालं.

"बिटकॉइनचं यंत्र!" गोचा ओरडून म्हणाला. मग बंद करून हळू आवाजात, "अशी चार आहेत."

आंझोरला नवल वाटलं नाही. ही यंत्रं अहोरात्र वीज खाऊन पैसा कमावतात, आणि या डोंगरात विजेचं बिल येत नाही, कधी आलेलंच नाही. त्यामुळे खाली झुगदीदी शहरात जे कुणाला परवडेना, ते वर कित्येक तळघरांत सुरू झालं होतं. त्याचा परिणाम सगळ्या गावाला दिसत होता. संध्याकाळी दिवे निखाऱ्यासारखे लाल व्हायचे. दवाखान्यातल्या नर्सने एका पोराच्या कपाळाला मोबाईलच्या उजेडात टाके घातले होते. तेव्हापासून गावातल्या बायका चवताळल्या. त्यांची टोळी घरोघर जायची, कॉफी प्यायची, आणि उठताना भिंतीला कान लावायची. कुणाच्या छपरावरचं बर्फ लवकर वितळतं तेही बघायची. त्या टोळीत आंझोरची बायको नानुली होती. गोचाची सख्खी बहीण.

"तिला कळलं तर ती मला सोलेल," गोचा म्हणाला.

"आणि मला काय मिठाई देईल?"

"तुमचा काय संबंध? तुम्ही नुसती पेटी करणार. पेटी करणं गुन्हा आहे का?"

"आवाज बाहेर येता कामा नये, एवढंच ना?"

"आवाज नको, ऊब छपरावर जायला नको, आणि बघणाऱ्याला कळायला नको."

आंझोर नाही म्हणाला. पण गोचा गेल्यावर तो चुलीचं नळकांडं कापत बसला, तरी डोकं ठोकळ्यातच अडकलं होतं. असं काम त्याच्याकडे कधी आलंच नव्हतं. चुलीत हवा शिरते ती आवाज करते, हे त्याने जन्मभर गृहीत धरलेलं. हवा जाऊ द्यायची आणि आवाज अडवायचा, हे जमेल का? जेवताना बटाटा आणि चीज घोटलेल्या लगद्याची चिवट तार ताटातच लोंबत राहिली, आणि तो टेबलावर बोटाने नागमोडी रेघा काढत होता. नानुलीने विचारलं, "काय रे, कुठे हरवलास?" तो म्हणाला, "एक चूल आहे. अवघड आहे."

चार दिवसांनी तो स्वतःच गोचाकडे गेला. सासऱ्याच्या घरी, म्हणजे गोचाच्याच घरी, धान्याची जुनी कोरीव पेटी होती, पुरुषभर लांब. आंझोरने ती रिकामी केली. आत पत्र्याची दुसरी पेटी बसवली, तीही ट्रकच्या ट्यूबच्या तुकड्यांवर, म्हणजे थरथर लाकडात उतरणार नाही. लाकूड आणि पत्रा यांच्यामध्ये त्याने मेंढीच्या लोकरीचा नमदा ठासला, बोटभर जागा सोडली नाही. हवा जमिनीच्या फळ्यांखालून घेतली, पण सरळ नाही. तीन वळणांची वाट केली आणि प्रत्येक वळणावर नमदा लावला. आवाज वळणावर आपटतो आणि लोकरीत मरतो. यंत्रांचे किंचाळणारे पंखे त्याने काढूनच टाकले. जुन्या सामुदायिक शेताची दुग्धशाळा बंद पडली होती, तिथून दोन मोठे, संथ पंखे आणले. यंत्राला आपले पंखे फिरताहेत असं वाटावं म्हणून गोचाने एक चिमुकला जोड मागवला होता. तो लावला की यंत्र फसायचं. गरम हवा त्याने नळकांड्यातून खाली गोठ्यात सोडली. छपरावर बर्फ तसंच राहिलं, आणि गाईंना थंडीत ऊब मिळाली.

चारही यंत्रं आत ठेवून त्यांनी झाकण लावलं. सासरे मोसे काठी टेकत आले. गुडघे गेल्यामुळे ते आता घराबाहेर पडत नसत. त्यांनी पेटीला कान लावला.

"बंद पडलं की काय?"

"नाही मामा, चालू आहे," आंझोर म्हणाला.

म्हातारा हसला. "जावयाने माझ्या घरात चोर पुरला, आणि चोर घोरतसुद्धा नाही!"

गोचाने आंझोरला मिठी मारली, पेल्यात धान्याची दारू ओतली. आंझोरने झाकणावर हात ठेवला. लाकूड कोमट होतं, झोपलेल्या जनावराच्या कुशीसारखं. मग त्याच्या मनात आलं: चूल बिघडली की सांगते. हुंकारते, तडतडते, धूर ओकते. ही काहीच सांगणार नव्हती.

"याला एक दिवा लावू या बाहेरून," तो म्हणाला. "आतला पंखा थांबला तर पेटणारा. नाहीतर घंटी."

"दिवा म्हणजे साक्षीदार, दाजी. बहिणीला काय सांगू? धान्याला दिवा लावलाय म्हणून?"

आंझोरने पेला उचलून संपवला.

पुढच्याच आठवड्यात बायकांची टोळी त्या घरी गेली. आंझोर तिथेच गोठ्याचं दार दुरुस्त करत होता. नानुली भिंतीभिंतीला कान लावत फिरली. कोरीव पेटीपाशी ती वाकली, कान टेकवला, थांबली. आंझोरच्या हातातला हातोडा तसाच राहिला. मग ती ताठ उभी राहिली आणि बायकांकडे वळून म्हणाली, "माझ्या बापाचं घर स्वच्छ आहे. आता पुढे चला." तिचा चेहरा अभिमानाने फुलला होता. आंझोरला तिच्याकडे बघवेना.

थंडी वाढली तसे दिवे आणखी मलूल झाले. वीज इतकी पातळ यायची की गोचाची यंत्रं धापा टाकून बंद पडू लागली. त्याने झुगदीदीहून वीज चढवणारी तांब्याची मोठी गुंडाळी आणली. तारेतून कितीही कमी येवो, ती पुढे जोर लावून देणार. आंझोर सासऱ्यांना बघायला गेला तेव्हा त्याला हे कळलं.

"आणि तार भरून आली तर?" त्याने विचारलं. "तेव्हाही ती तेवढाच जोर लावणार ना?"

"या गावात? तार भरून आलेली शेवटची कधी बघितलीत?"

"कुठे ठेवलीस ती?"

"आतच. बाहेर गुणगुणत होती."

"लोकरीला लागून? गोचा, ती तापते. काढ बाहेर आजच."

"सोमवारी काढतो. शब्द."

मोसेंनी आपलं अंथरूण पेटीपाशी आणलं होतं. पाठ टेकून बसले होते, डोळे मिटून. "गुडघ्यांना बरं वाटतं," ते म्हणाले. "तुझ्या सगळ्या चुलींपेक्षा ही चांगली." आंझोरला वाटलं, आत्ता झाकण उघडावं आणि ती गुंडाळी उपटून काढावी. पण म्हातारा इतका सुखात होता, आणि गोचाने शब्द दिला होता. तो घरी आला.

त्याच आठवड्यात गावाने ठरवलं: रविवारी देवळात संत गिओर्गीच्या चांदीच्या तसबिरीवर हात ठेवून घरटी एकाने शपथ घ्यायची, आपल्या छपराखाली यंत्र नाही आणि पुढे असणार नाही. ज्यांच्याकडे आहेत त्यांनी सकाळी घंटा होताच तारा उपटायच्या. मागचं कुणी विचारणार नाही. डोंगरातला माणूस सरकारी कागदावर काहीही लिहून देईल, पण त्या तसबिरीसमोर खोटं बोलायला त्याची जीभ वळत नाही. खोटी शपथ घेणाऱ्याचं घर बसतं, असं सगळे मानत. आंझोरही मानायचा. त्याला सुटल्यासारखं वाटलं. आता गोचा बंद करेल आणि पेटीत पुन्हा धान्य पडेल.

रविवारी ऊन पडलं होतं, बर्फावर डोळे दिपत होते. देऊळ एवढंसं, निम्मं गाव बाहेरच उभं. मोसेंनी गोचाकरवी नानुलीला निरोप दिला होता, "माझ्या वतीने तूच हात लाव, मला काही चढवत नाही." म्हणून ती बापाच्या घरासाठी आधी पुढे गेली. चांदीवर पंजा टेकवून ती खणखणीत आवाजात म्हणाली, "मोसेच्या छपराखाली यंत्र नाही, नव्हतं आणि असणार नाही. खोटं बोलत असेन तर त्या घरावर पडो."

आंझोर रांगेत मागे होता. त्याने गोचाला शोधलं. गोचा खांबाला टेकून उभा होता, टोपी चुरगाळत.

रांग सरकत होती. कुणीतरी बाई हसून म्हणाली, "अगं, दिवा बघ! कसा लागलाय!" सगळ्यांनी वर पाहिलं. तसबिरीवरचा बल्ब, जो कित्येक महिने लालसर कुथत होता, पांढराशुभ्र पेटला होता. मेणबत्त्या त्याच्यापुढे फिक्या पडल्या. लोक एकमेकांचे हात दाबू लागले. म्हाताऱ्या पाद्रीबाबांचे डोळे भरून आले. गावाने शब्द पाळला होता; सगळ्यांनी खरोखरच तारा उपटल्या होत्या.

आंझोरही हसला. मग त्याचं हसू तोंडावरच थिजलं. तार भरून आली होती.

त्याने रांग मोडली नाही, तो जागेवरूनच ओरडला. "गोचा! तू बंद केलंस ना?"

गोचाने मान वर केली नाही.

"गोचा, पेटी चालू आहे का?"

"घरी गेल्यावर... आजचा दिवसच फक्त..."

नानुलीने आधी भावाकडे, मग नवऱ्याकडे पाहिलं. "कुठली पेटी?"

आंझोर धावत सुटला होता. मागोमाग सगळे. उतारावर तो दोनदा पडला. मोसेचं घर लांबून नेहमीसारखंच दिसत होतं. छपरावर अखंड बर्फ, ज्वाळा नाही, धूर नाही. क्षणभर त्याला वाटलं, आपण उगीच भ्यालो. मग गाईंचा हंबरडा ऐकू आला. गोठ्याच्या फटींतून करडा, जड धूर जमिनीलगत सरपटत बाहेर येत होता. त्यानेच करून दिलेल्या वाटेने तो खाली उतरला होता, आणि गोठा भरल्यावर फळ्यांच्या फटींतून वर खोलीत चढला होता.

आत जळक्या लोकरीचा वास होता. मोसे आपल्या जागी होते, पेटीला पाठ टेकून, घोंगडी गळ्यापर्यंत ओढून. चेहऱ्यावर काजळीचा ठिपका नव्हता. पेटीचं कोरीव तोंडही जसंच्या तसं होतं. दोघातिघांनी म्हाताऱ्याला बाहेर बर्फावर आणलं, छाती दाबली, नावाने हाका मारल्या. ते उठले नाहीत. कुणीतरी पेटीचं झाकण उघडलं. हवा मिळताच पुरुषभर ज्वाळा उठली, ती लोकांनी बर्फ लोटून विझवली. झाकण उघडेपर्यंत पेटीने एक चकार शब्द काढला नव्हता.

गावाचा निकाल संध्याकाळपर्यंत झाला. शपथ खोटी पडली आणि तसबिरीने त्याच घटकेला मोसेंचा जीव घेतला. बायका हळू आवाजात हेच बोलत होत्या. ज्या दोन घरांत, म्हणे, तार उपटलेलं एखादं यंत्र अजून पडून होतं, तिथून ती काढून लोकांनी नदीत फेकली. गोचा गोठ्यामागे आंझोरला गाठून म्हणाला, "लोक म्हणतात, देवाने केलं. म्हणू द्या, दाजी. पाया पडतो. देवाने मारलं हे मला सोसेल. दुसरं नाही सोसणार. तुमचंही नाव कुठे येत नाही."

"नानुलीचं येतं," आंझोर म्हणाला.

नानुली न्हाणीत होती. बापाला आंघोळ घालायचं पाणी तापत होतं आणि ती आपला उजवा हात राखेने घासत होती. कातडी लाल झाली होती. "मी म्हटलं, त्या घरावर पडो," ती म्हणाली. "माझ्या तोंडाने म्हटलं. मीच मारलं त्यांना."

"तू नाही मारलंस. पेटी मी केली."

तिचा हात थांबला.

मग त्याने सगळं सांगितलं. लोकर, वळणं, संथ पंखे, वीज चढवणारी गुंडाळी, आपण सांगितलेला आणि न लावलेला दिवा, सोमवारचा शब्द. तो जितका सांगत गेला तितकं त्याला उमगत गेलं की हे काम किती नीट जमलं होतं. शेवटी तिने एकच विचारलं.

"मी कान लावला तेव्हा तू तिथे होतास. गोठ्याच्या दाराशी."

"होतो."

"बघत होतास."

"हो."

तिने हात पुसला, पाण्याची बादली उचलली आणि बापाकडे गेली. त्याने बादली धरायला हात पुढे केला, तर ती वळसा घालून गेली.

मोसेंना पुरल्यानंतर अंगणात लांब टेबलं मांडली गेली. मांसाच्या रोट्या आल्या, दारूच्या सुरया फिरू लागल्या. नानुली बायकांमध्ये बसून बोलत होती, न थांबता, सपाट आवाजात, आणि बायकांच्या माना एकेक करून पुरुषांच्या टेबलाकडे वळत होत्या. गावातल्या एका वडीलधाऱ्याने उठून मोसेच्या नावाने पेला उचलायला सांगितलं. ओतणारा पोऱ्या रांगेने पेले भरत आला, आंझोरपाशी थांबला, त्याने पलीकडे बसलेल्या वडीलधाऱ्याकडे पाहिलं. म्हाताऱ्याने नाही अशी मान हलवली. पोऱ्या पुढच्या माणसाकडे गेला. सगळे उभे राहिले. आंझोरही रिकामा पेला हातात घेऊन उभा राहिला.