कानाचं माप

मास्तरांनी हौसेनं असं गाणं कधी ऐकलं नव्हतं. शिलाई मशीन चालू असलं की त्यांच्या कानाला दुसरं काही लागत नसे. त्यामुळे इअरफोनच्या दुकानात त्यांनी पाऊल टाकलं ते गिऱ्हाईक म्हणून नव्हे, तपासनीस म्हणून. एकेक नग उचलायचा, वायर बोटांतून सरकवायची, जोड ओढून बघायचा आणि दुसऱ्या शिंप्यानं बिघडवलेला कोट हातात आल्यासारखं तोंड करून परत ठेवायचा, असं बराच वेळ चाललं.

"कोणासाठी हवेत?" काउंटरमागच्या बाईंनी शेवटी विचारलं.

"बायकोसाठी. लेकीनं गाण्यांचा प्लेअर पाठवलाय, तळहातात मावेल एवढा. सोबतच्या इअरफोननं कान दुखतात म्हणते."

"चालताना वापरणार की प्रवासात?"

"निजून. दिवसभर निजूनच असते."

बाईंनी मान वर केली. खालच्या कप्प्यातून एक जोडी काढली. "मग हे बघा. आत रुततच नाहीत, कानावर नुसते टेकतात. वर फोम आहे, मऊ."

मास्तरांच्या धंद्याचं सगळं शहाणपण एका शब्दात मावायचं: ढील. कपडा अंगाला चिकटला की माणूस दिवसभर शिंप्याचा उद्धार करतो, बोटभर ढील ठेवली की वर्षभर नाव काढतो. त्यांनी फोमचे इअरफोन कानांना लावले आणि सरळ काउंटरवर डोकं टेकवून डाव्या कुशीवर कलंडले. बायको त्याच कुशीवर निजायची.

"अहो काका, चक्कर आली का?" मागे उभ्या माणसानं घाबरून विचारलं.

"नाही हो. ट्रायल घेतोय."

बाईंनी लावलेलं गाणं ऐकू येत होतं, त्या माणसाचं हसणंही ऐकू येत होतं. म्हणजे आपण हाक मारली तर तिला कळणार. हा मुद्दा मास्तरांनी जमेच्या बाजूला धरला आणि जोडी बांधून घेतली.

हाकेला त्यांच्या घरात मोठा मान होता. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत संसार आणि मधे एक पडदा. मास्तर टेप लावून मापं मोठ्यानं पुकारायचे आणि पडद्यामागून बायको ती वहीत टिपून घ्यायची. गिऱ्हाइकं तिला मास्तरीणबाई म्हणत. कित्येकांनी तिचा चेहराही पाहिला नव्हता, नुसतं "हं, पुढे?" एवढं ऐकलं होतं. मास्तरांनी छाती जास्त पुकारली की पडद्यामागून आवाज यायचा, "मागच्या खेपेला कमी होती. श्वास सोडायला सांगा त्यांना." गिऱ्हाईक लाजायचं आणि श्वास सोडायचं.

आता वही मास्तरांच्याच खिशात असे. पण पुकारायची सवय गेली नाही आणि आवाजही खाली आला नाही.

तिच्या आजाराचं म्हणाल तर मागच्या खेपेला डॉक्टरांनी मास्तरांना बाजूला घेतलं होतं. "आता औषधांचा उपयोग नाही, नुसता त्रास होईल. घरीच असू द्या. आवडेल ते करू द्या." मास्तरांनी घरी येऊन सांगितलं, "डॉक्टर म्हणाले, सुधारणा आहे. औषधं कमी केलीत." ती "बरं" म्हणाली. इतक्या सहज म्हणाली की आपलं खोटं पचलं, असं मास्तरांना वाटलं.

नवे इअरफोन तिला बरे वाटले. निदान ती तसं म्हणाली. दुसऱ्या दिवशी दुपारी शाळेच्या मोठ्या बाई कोट शिवायला आल्या. कापड दाखवून झालं, खिसे आत की बाहेर यावर वाद झाला आणि मग बाईंनी आवाज खाली आणून विचारलं, "मास्तरीणबाई कशा आहेत?"

मास्तर याच प्रश्नाची वाट बघत असायचे. दुसरं कोण होतं त्यांना ऐकणारं? खांद्यावर टेप तसाच लोंबकळत ठेवून त्यांनी सगळं सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले, ती किती वाळली, रात्री कशी कण्हते, लेकीला सुट्टी मिळेपर्यंत तरी राहील की नाही. सांगता सांगता मास्तरांचा आवाज माप पुकारायच्या पट्टीत कधी गेला, त्यांना कळलंही नाही.

बाई डोळे पुसत गेल्या. मास्तर चहा घेऊन आत आले. बायको भिंतीकडे तोंड करून निजली होती, कानांवर फोमचे इअरफोन, उशाशी प्लेअरचा बारका दिवा लागलेला.

"बाहीचं माप राहिलं," ती म्हणाली.

"काय?"

"बाईंच्या बाहीचं माप. बोलण्याच्या नादात विसरलात तुम्ही. परत बोलवा त्यांना, नाहीतर अंदाजानं कापाल."

 मास्तरांनी कप खाली ठेवला.

"तुला... गाणं चालू होतं ना?"

"चालू होतं. पण तुमच्या आवाजापुढे काय टिकणार?" ती किंचित हसली. "सगळं ऐकू येतं हो. काल तो चष्मेवाला आला होता, परवा तुमचा मित्र. सगळ्यांना सांगता ते."

"अगं, मी तुला सांगणारच होतो—"

"राहू द्या. एकदा कळलं ते कळलं. त्याचं काही नाही. पण तुम्ही रोज नव्या माणसाला सांगता आणि मला रोज नव्यानं ऐकावं लागतं."

मास्तर पलंगाच्या कडेला बसले.  "यापुढे कोणाजवळ विषय काढणार नाही," ते म्हणाले.

"असं कुठे म्हणतेय मी? कोणाजवळ बोलणार नाही तर फुटाल तुम्ही. बोला. म्हणून तर इअरफोन मागवले. तुम्ही हे सैल आणलेत."

"मी म्हटलं, टोचायला नको. आणि हाक मारली तर—"

"हाक मारायची असेल तर आत या. पडद्यापलीकडे तर असता."

तेव्हा मास्तर पुन्हा त्या दुकानात गेले. काउंटरमागच्या बाईंनी त्यांना बघताच हात वर केले. "वापरलेला माल परत घेत नाही हं!"

"परत कोण देतंय? माझंच माप चुकलं. घट्ट बसणारे द्या. बाहेरचा शब्द आत जाता कामा नये, पण कुशीवर निजलं तर दुखताही कामा नये."

बाईंनी एक चपटी जोडी काढली. तिची टोकं कानाबाहेर येतच नव्हती. "याला रबराच्या टोप्या लावायच्या. लहान, मध्यम, मोठी. कानाचं माप काय?"

रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाची मान नुसत्या नजरेनं मोजणारे मास्तर तिन्ही टोप्या चिमटीत धरून बघू लागले. बायकोच्या कानाचं माप त्यांना माहीत नव्हतं. तिचा खांदा, कंबर, उंची पाठ होती, तीही आता उपयोगाची राहिली नव्हती.

"तिन्ही असतात डबीत," बाई हळूच म्हणाल्या. "घरी लावून बघा."

घरी त्यांनी तिची मान उशीवरून अलगद उचलली. कानामागे बोट फिरवलं. तिथली कातडी कागदासारखी झाली होती. मोठी टोपी बसेना, मध्यम निसटली, लहान बसली.

"आता गाणं लावते," ती म्हणाली आणि भिंतीकडे वळली. "बोला काहीतरी. येतं का ऐकू, बघू."

"चहा टाकू?" मास्तरांनी विचारलं.

ती हलली नाही.

"अगं, चहा!" त्यांनी पुकारलं, छाती-कंबर पुकारावी तसं.

काही नाही. तिचं बोट चादरीवर ताल धरत होतं.

ट्रायल झाली होती. उठायला हरकत नव्हती. पण मास्तर तसेच बसून राहिले आणि तिच्या पाठीशी बोलू लागले, हळू आवाजात. म्हणाले, नवं काम घेणं बंद केलंय मी, तुला बोललो नाही. हात कापतात. बाईंचा कोट शेवटचा. तो झाला की पुढे काय, ते मला माहीत नाही. मला फार भीती वाटते गं. तू जाऊ नकोस, असं एकदा तरी म्हणायचं होतं. लोकांना सगळं सांगितलं, हे कोणालाच सांगितलं नाही.

तालाचं बोट थांबलं. गाणं संपलं असावं. तिनं एका कानातलं काढलं आणि मान वळवली.

"काही म्हणालात?"

"टोचतात का, विचारलं."

"नाही टोचत," ती म्हणाली. क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिली, मग कानातलं परत घालून वळली.

बाहेरून कोणीतरी "मास्तर, आहात का?" म्हणून हाक मारली. दोनदा मारली. तिला ती ऐकू आली नाही. मास्तरांना आली, पण ते उठले नाहीत.