लंबूचा गज

पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेचा वार्षिक कार्यक्रम पंधरा दिवसांवर आला होता आणि लंबूचा हात थरथरत होता.

लंबू तिथला मदतनीस. दरवर्षी कार्यक्रमात त्याचं व्हायोलिन आणि त्याच्या मित्राची, म्हणजे तपासनीसाची, गिटार ठरलेली. यंदा मात्र लंबू दोन महिने मनोरुग्णालयात राहून आला होता. त्याला नसलेले आवाज ऐकू येत. गोळ्यांनी आवाज थांबले, पण हाताला कंप सुटला. लांब सूर धरला की व्हायोलिनचा गज तारेवर नाचायचा.

"कार्यक्रमापुरत्या बंद कर म्हणावं गोळ्या," प्रयोगशाळेचे साहेब तपासनीसाला म्हणाले. "चांगला ठणठणीत तर दिसतोय!"

तपासनीसाने निरोप पोचवला. वर स्वतःचं जोडलं, "पंधरा दिवसांत काय आभाळ कोसळणारे, लंब्या?"

"तू म्हणतोस ना? मग झालं."

गोळ्या बंद केल्याच्या नवव्या दिवशी लंबूचा हात अगदी स्थिर होता. त्या हाताने तो सकाळपासून एकच काचेचं भांडं धूत होता. बोटं पांढरी पडून सुरकुतली होती.

"नळ बंद करू नकोस," तो म्हणाला. "पाण्यातून माझं नाव घेतायत. ऐकू दे."

तपासनीसाने नळ बंद केला. लंबूच्या ताईला फोन केला. रुग्णालयात त्याला दाखल करण्याचा फॉर्म भरला. तपासनीस आतून बधिर झाला होता, काहीच वाटत नव्हतं. घरी जेवताना भाजी अळणी आहे, हेही बायकोने सांगितल्यावर कळलं.

दुसऱ्या दिवशी वॉर्डाबाहेरच्या बाकावर ताईने विचारलं, "तुझ्या चष्म्याचा नंबर काय रे?"

"साडेचार."

"फोटोत बरा दिसत नाही म्हणून साहेबांनी काढायला सांगितला, तर तसाच गाडी चालवशील?"

"ताई, मला वाटलं..."

"तुला वाटलं! पाण्याचा नमुना तीन-तीनदा तपासतोस ना? मग डॉक्टरांना एकदा विचारायला काय झालं होतं? माझं तो कधी ऐकत नाही. तुझं ऐकतो. म्हणून तर हे झालं!"

खरंच! त्याने एकदाही विचारलं नव्हतं.

कार्यक्रम त्या दोघांशिवाय पार पडला. दीड महिन्याने लंबू कामावर आला. गोळ्या चालू, हात थरथरता. डॉक्टर म्हणाले होते, कंप कमी होईल, पण सावकाश. जेवणाच्या सुट्टीत तपासनीसाने त्याच्या हातातला गज काढून घेतला.

"बोटांनी छेड."

"आख्खी धून? लोक म्हणतील, डास मारतोय."

"म्हणू देत की."

सूर तुटक निघाले, कोरडे. दोनदा चुकले. तपासनीसाने गिटारची लय कमी केली. आनंद अजून होत नव्हता. तो फक्त मात्रा मोजत होता.

साहेब दारात थबकले. "गोळ्या अजून चालूच का याच्या?"

"हो साहेब," तपासनीस म्हणाला. "चालूच राहणार. धून आम्ही बदललीय."

मित्रहो, मनाच्या आजाराचं औषध कुणाच्या सोयीसाठी सोडायला सांगू नका. तो सल्ला डॉक्टरांचा. आपल्याला करता येण्यासारखं एकच आहे, आपली लय थोडी कमी करणं.