सव्वीस इंचांचं दार

मी टेप बोलतोय. मोजायचा टेप. स्टीलची पिवळी पट्टी, पोटात गुंडाळलेली स्प्रिंग. स्वस्थ बसणं माझ्या रक्तातच नाही. बाहेर ओढलं की आत पळावंसं वाटतं, आणि आत असलो की कुणीतरी ओढावं म्हणून जीव वरखाली होतो. त्यामुळे मी जरा भरभर बोलेन, सांभाळून घ्या.

माझा जन्म कारखान्यातला. लांबच लांब पट्टीवर आकडे छापले, तिचे तुकडे केले, माझ्या तोंडाशी एक आकडी ठोकली आणि मला डबीत कोंबलं. ती आकडी किंचित हलते. दुकानात लोक मला हातात घेऊन म्हणायचे, "अहो, हा तर ढिला आहे!" अहो, ढिला कसला? मुद्दाम तसा केलाय! आतलं माप घेताना आकडी दाबली जाते, बाहेरचं घेताना ओढली जाते, आणि तिच्या जाडीचा फरक भरून निघतो. पण दुकानात माझं कोण ऐकतंय.

शेवटी एका सुताराने मला घेतलं. लोकांच्या स्वयंपाकघरांत कपाटं बसवणारा माणूस. त्या दिवसापासून मी त्याच्या कमरेला. घरोघर हिंडलो आणि एक गोष्ट कळली, माणसांना मापाचं वावडं असतं. "एवढंसं आहे हो," म्हणून हातभर दाखवतात. फ्रीज विकत घेतात आणि मग दारात उभे राहून घाम पुसतात. "बसेल गं," म्हणणारा नवरा आणि "नाही बसणार," म्हणणारी बायको मी प्रत्येक घरात पाहिली. निकाल मी लावायचा, आणि जो हरला त्याने माझ्याकडे डोळे वटारून बघायचं.

असो. माझ्याकडे एकच दौलत होती. मी खोटं बोलत नाही. मालक म्हणायचा, "माझा टेप एक सूत इकडेतिकडे व्हायचा नाही." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. ते ऐकलं की माझी छाती फुगायची, डबीत जागा नसली तरी.

मालकाच्या घरी माणसं तीनच. मालक, त्याची बायको आणि त्याची आई. मालकीणबाई औषधांच्या दुकानात काउंटरवर असतात. आईंनी सगळा जन्म बस डेपोच्या तिकीट खिडकीत काढला. जगाला गावोगाव पाठवलं आणि संध्याकाळी स्वतः चालत घरी आल्या. दोन वर्षांपूर्वी त्या बाथरूममध्ये पडल्या, खुबा मोडला, आणि तेव्हापासून त्या व्हीलचेअरवर आहेत. झोपायची खोली, बाहेरची खोली आणि तपासणीला दवाखाना, एवढंच त्यांचं जग राहिलं.

एके सकाळी चहा पिता पिता त्या म्हणाल्या, "मला बोटीवर जायचंय."

मालकाला ठसका लागला. "कुठे?"

"कुठे नाही. नुसतं बोटीवर. पेपरात आलंय. क्रूझ का काय म्हणतात ते. रात्री झोपायचं, सकाळी उठायचं आणि चारी बाजूंना पाणी."

"आई, आपल्यात पोहता कुणाला येतं?"

"मी कुठे पोहत जाते म्हणतेय!"

मालकीणबाई मात्र उठल्याच. दुसऱ्या दिवशी त्या चकचकीत माहितीपत्रकांची चवडच घेऊन आल्या आणि घरात धांदल उडाली. तीन रात्री की पाच? मोठी बोट की लहान? वरचा मजला की खालचा? मोठी बोट कमी हलते म्हणे. मधला मजला त्याहून कमी. आईंचे प्रश्न वेगळेच. कपडे वाळत कुठे घालायचे? पहाटे चहा मिळतो का? बोटीवर इतकी माणसं, मग सगळी एका बाजूला उभी राहिली तर? मालकाचे प्रश्न याहून वेगळे.

"डॉक्टर असतो का?"

"असतो. इथे लिहिलंय," मालकीणबाई म्हणाल्या.

"असतो गं, पण कसा असतो?"

"आता त्याला जेवायला बोलावू का बघायला?"

खोली निवडताना तर रोज तळ्यात-मळ्यात. आतली खोली, म्हणजे चारी बाजूंना भिंती. खिडकीची खोली. आणि बाल्कनीची खोली. "खिडकी नको गं बाई," आई म्हणाल्या, "सगळा जन्म खिडकीतच गेला. बाल्कनी बघ." मालकीणबाईंनी बुकिंगवाल्या बाईंना फोन केला आणि त्यांनी बाल्कनीच्या खोलीची मापं कळवली.

मापं म्हटल्यावर मी आलोच! मालकाने बाहेरच्या खोलीतलं सामान भिंतीशी सरकवलं आणि खडूने जमिनीवर अख्खी खोली आखली. हा पलंग, हा सोफा, हे कपाट, ही न्हाणी. मी इकडून तिकडे नुसता सळसळत होतो. कपाटाच्या जागी मालकाने स्वतः बनवलेली दोन जड स्टुलं ठेवली. बाल्कनी नेमकी चपलांच्या रॅकवर आली. आईंनी खुर्ची तिथे नेली, डोळे मिटले आणि लांब श्वास घेतला.

"आहाहा! काय हवा आहे!"

"आई, समोर चपला आहेत," मालकीणबाई हसत सुटल्या.

"असू देत. भरती आली की जातील वाहून."

दोन दिवस आई त्या बाल्कनीतच चहा प्यायल्या. पेपर तिथे, औषधाची गोळी तिथे. कुणी खडूच्या रेषेवरून थेट आत आलं की ओरडायच्या, "दारातून ये!" मी टेबलावरून बघायचो आणि मला वाटायचं, हे माणूस दोन वर्षं कुठे होतं?

मग बुकिंगवाल्या बाईंचा फोन आला. व्हीलचेअरसाठी मोठ्या दाराच्या ज्या खोल्या असतात, त्या सगळ्या भरल्या होत्या. साध्या खोलीचं दार सव्वीस इंचांचं. त्या म्हणाल्या, "खुर्चीची रुंदी तेवढी मोजून सांगा. सव्वीसच्या आत असेल तर काही अडचण नाही. शनिवार संध्याकाळपर्यंत खोली धरून ठेवते."

मालक गुडघ्यांवर बसला. आई खुर्चीत बसून वाटाणे सोलत होत्या. मालकाने मला ओढलं आणि खुर्चीच्या एका चाकाच्या कडीला आकडी लावली. हाताने ढकलायची बाहेरची कडी, तीच सगळ्यात रुंद. दुसऱ्या कडीपर्यंत मी सरळ गेलो. पंचवीस. मला दिसलं, त्यालाही दिसलं. सुटलो बुवा, असं मी म्हणतोय तोवर मालकाने दुसरं टोक मागे सरकवलं. मला तिरका केला. आणि माझ्या मानेवर अंगठा दाबला.

"सत्तावीस," तो म्हणाला.

माझ्या कानांवर माझाच विश्वास बसेना.

"नीट बघा ना हो," मालकीणबाई म्हणाल्या.

"अगं, जन्म गेला माझा यात. सत्तावीस." तो कान चोळत होता.

आईंनी वाटाण्याची शेंग हातातच धरली होती. "म्हणजे खुर्ची जात नाही?"

"नाही जात, आई."

"बरं," आई म्हणाल्या.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात ना, तो मी त्या क्षणी खाल्ला. सगळं आयुष्य खरं बोललो आणि माझ्याच तोंडून खोटं वदवून घेतलं, तेही घरात, तेही आईंशी! ओरडावंसं वाटलं, पंचवीस आहे हो, पंचवीस! पण मला आकडे आहेत, आवाज नाही. मालकाने लगेच फोन करून टाकला, "राहू द्या बाई. दुसऱ्या कुणाला द्या खोली."

संध्याकाळी मालकीणबाईंनी फरशी पुसली. पलंग गेला, सोफा गेला, बाल्कनी गेली. माहितीपत्रक कपाखाली बशीसारखं आलं. मालकाने त्या दिवसापासून मला कमरेला लावलं नाही. पेटीतला जुना, आकडे पुसलेला टेप घेऊन कामावर जायला लागला. मला टेबलावर टाकलं. माझ्याकडे बघवत नव्हतं त्याला. मला तर नुसतं पडून वेड लागायची पाळी आली.

शनिवारी दुपारी मालकीणबाई दुकानात, मालक कामावर. आई टेबलाशी आल्या आणि मला उचललं.

"तो लहानपणापासून खोटं बोलताना कान चोळतो," त्या मला म्हणाल्या. मला! माझा जीव भांड्यात पडला.

पण मोजणार कशा? ज्या खुर्चीत बसलोय तिची रुंदी बसल्या जागी कशी घेता येणार? एकदा या बाजूला वाकल्या, एकदा त्या बाजूला. मी दोनदा हातातून निसटलो आणि सटकन आत गेलो. मेल्या स्प्रिंगला तेव्हाच उबळ कसली आली होती! आई थांबल्या. मग त्यांची नजर त्या दोन स्टुलांकडे गेली. त्यांनी खुर्चीला अडकवलेल्या काठीने एक स्टूल ओढलं, मग दुसरं. धापा टाकत मला एका स्टुलापासून दुसऱ्यापर्यंत धरलं. सव्वीसहून थोडं जास्त झालं तशी काठीने स्टूल आत ढकललं आणि पुन्हा मोजलं. बरोब्बर सव्वीस. झालं दार तयार!

त्या मागे गेल्या. चाकांना एक जोराचा धक्का दिला आणि हात चटकन मांडीवर घेतले. खुर्ची दोन स्टुलांमधून निघाली. मी डोळे मिटणार होतो, पण मला पापण्या नाहीत. ना इकडे लागली, ना तिकडे. पार!

वळल्या. पुन्हा पार. पुन्हा वळल्या. तिसऱ्यांदा जाताना त्या चक्क हसत होत्या, आणि तेवढ्यात दार उघडलं. मालक कसलासा पाना विसरला होता, तो न्यायला आला होता. त्याने स्टुलं पाहिली. स्टुलावर ठेवलेला मी दिसलो. तो जागच्या जागी उभा राहिला.

त्याच्या देखत आई आणखी एकदा गेल्या.

"आई, ते..." मालकाचा हात कानाकडे गेला आणि तिथेच थांबला. मग तो फरशीवर बसलाच. "धरायची दांडी बसवायची राहिली होती आई. बाथरूमची. तू चार वेळा म्हणाली होतीस. मी माप घेऊन ठेवलं होतं, खुणासुद्धा केल्या होत्या. लोकांची कपाटं बसवत फिरलो आणि तू पडलीस. आता तुला कुठे न्यायचं म्हटलं की मला भीती वाटते. तिथे काही झालं तर मी काय करू? सगळीकडे पाणी."

आईंनी खुर्ची त्याच्याजवळ आणली. मग आई म्हणाल्या, "बाळ्या, मी घरात पडले रे. समुद्रात नाही."

मालक रडायला लागला. चांगला मोठा माणूस, केस पांढरे व्हायला लागलेले. आईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि बाहेर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "रडून झालं असेल तर फोन लाव. संध्याकाळ व्हायचीय अजून."

त्याने फोन लावला. बाल्कनीची खोली अर्थातच गेली होती. खिडकीचीही गेली होती. "आतली एक आहे," मालक फोनवर हात ठेवून कसंनुसं म्हणाला. "चारी बाजूंना भिंती, आई."

"दार तेवढंच आहे ना?"

"हो. सव्वीस."

"मग घे."

ती सगळी परवा सकाळी निघाली. सामान बाहेर गेलं, आई दारापर्यंत आल्या, आणि मालक टेबलाशी घुटमळला. मला उचलून पुन्हा ठेवलं, पुन्हा उचललं. शेवटी त्याने जे विचारलं, तेच माझ्याही मनात कधीपासून वळवळत होतं. कारण खुर्ची मी मोजलीय, पण बोटीवरचं दार मी मोजलेलं नाही. तो आकडा फोनवरून आलाय.

"आई, बाईंनी माप चुकीचं सांगितलं असेल तर?"

"तर मला उचलून आत ने. नाही जमलं तर डेकवर झोपेन. पण परत नाही फिरायचं." त्या थांबल्या. "आणि तो टेप ठेव इथेच."

ठेवला त्याने. कुलूप लागल्याचा आवाज आला, आणि तेव्हापासून मी एकटा इथे तडफडतोय. आत गेली असेल का खुर्ची? नुसता अर्धा अर्धा इंच आहे दोन्ही बाजूंना! कुणी काही कळवत नाही, आणि मला कोण कळवणार म्हणा.

तुमच्या घरात माझ्यासारखा एखादा असेलच, ड्रॉवरमध्ये, पेचकसाखाली. त्याला बाहेर काढा. तुमच्याही घरात एखादं माणूस असेल, ज्याच्याबद्दल तुम्ही ठरवून टाकलंय की याचं आता कुठे जमायचं नाही. एकदा मोजून बघा. तुम्हाला भीती वाटत असेल तर तसं सांगा, पण आमच्या तोंडून नको. आम्हाला सरळ धरा.

आई पाण्यावर आहेत. आत असोत नाहीतर डेकवर, पण पाण्यावर आहेत, आणि मी इथे पोटातली स्प्रिंग आवळून धरलीय.